प्रतिवादीच्या घरचे पोहे

लोक मला पाहिलं की घरात नसायचे. म्हणजे असायचे, पण आतून बायकोला सांगायचे, 'नाहीत म्हण.' मग ती बाई दारात येऊन सांगायची, 'नाहीत ते, गावाला गेलेत.' तेवढ्यात आतून खोकला ऐकू यायचा. मी म्हणायचो, 'असू द्या, गावाहून आले की खोकल्याचं बघायला सांगा,' आणि ओट्यावर बसून राहायचो. माझी सगळी नोकरी अशी दुसऱ्यांच्या ओट्यांवर गेली.

मी दिवाणी कोर्टातला बेलीफ. ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागलेली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. एकाने दुसऱ्यावर दावा लावला की त्या दुसऱ्याला कोर्टाचा कागद जातो: अमुक तारखेला हजर राहा आणि तुझं काय म्हणणं असेल ते मांड. या कागदाला समन्स म्हणतात. ते माणसाच्या हातात देऊन त्याची सही घेऊन येणारा तो बेलीफ. सिनेमातल्या कोर्टात न्यायाधीश असतात, वकील असतात, दाराशी नाव पुकारणारा शिपाईसुद्धा असतो. बेलीफ मात्र मी अजून एकाही सिनेमात पाहिलेला नाही. आता तर म्हणे समन्स मोबाइलवरही जातं. मोबाइलला ओट्यावर बसावं लागत नाही आणि त्याच्या अंगावर कोणी कुत्रं सोडत नाही, तेव्हा प्रगती झाली असं म्हणायला हरकत नाही.

या धंद्याने माझं सामाजिक आयुष्य बिघडवलं. एका मित्राच्या वास्तुशांतीला मी कोर्टातून परस्पर गेलो, काखेत समन्सांची खाकी पिशवी. मित्राचे वडील दाराशी पाहुण्यांचं स्वागत करत होते. मला पाहिल्याबरोबर ते मागच्या दाराने निघून गेले आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत परत आले नाहीत. त्यांच्यावर कुठला दावा होता हे मला आजतागायत माहीत नाही. आमची ही तर नातेवाइकांकडे जाताना मला बजावायची, 'आधी सांगा की सहज आलोय, मग चपला काढा.'

आता मुद्द्यावर येतो. समन्स द्यायला जाताना बेलीफाबरोबर बहुतेक वेळा वादी, म्हणजे दावा लावणारा, स्वतः येतो. गावात गेल्यावर कोणी घर दाखवत नाही आणि समोर उभा असलेला माणूसच सांगतो की आपण ते नव्हे. अशा वेळी वादीने बोट करून 'हाच' असं सांगायचं असतं. त्याला दाखवून देणं म्हणतात. त्यामुळे मी आणि वादी एकाच जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसून जायचो आणि वाटेत तो त्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलत राहायचा. या प्रवासांत मी एका विषयात पंडित झालो. तो विषय म्हणजे, माणूस आपल्याशी भांडणाऱ्याला काय काय म्हणतो.

कोर्टाच्या भाषेत वैर नाहीच. तिथे वादी आणि प्रतिवादी, अर्ज असला तर अर्जदार आणि सामनेवाला. सगळे कसे इस्त्री केलेले शब्द. पण जीप तालुका सोडून आत वळली की इस्त्री मोडायची. 'दुश्मन' हा शब्द तरुण पोरं वापरायची, गॉगल लावून, आणि तो उच्चारताना त्यांना बरं वाटायचं. 'वैरी' जरा वयस्क माणसाचा. 'हाडवैरी' ज्याच्याशी भिंत सामाईक आहे त्याच्यासाठी. ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच झाली असेल तर 'विरोधक', मग भांडण गोठ्याच्या पाण्याचं का असेना. दुकानदार 'समोरची पार्टी' म्हणायचे, इंदिरानगरच्या फ्लॅटमधले 'अपोझिट पार्टी'. आणि 'भाऊबंद' म्हटलं की पुढे काही सांगावं लागायचं नाही, जीपमधले अनोळखी लोकही मान हलवायचे.

यावरून मी एक सिद्धांत काढला होता. शब्द जितका मोठा तितकं भांडण लवकर मिटणार. आणि शब्द जितका मऊ तितका दावा लांबणार. हा सिद्धांत मी कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकवायचो. आमचे नाझर, म्हणजे आम्हा बेलीफांना रोज कामं वाटून देणारे साहेब, एकदा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, 'छान आहे. आता जा आणि कागद वाटा.'

पण सिद्धांताला पुरावे होते. इंदिरानगरचे एक निवृत्त बँक अधिकारी, वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून यांच्या छताला ओल येत होती. जिना चढताना ते वरच्या माणसाला नराधम म्हणाले, मग राक्षस म्हणाले, दाराशी पोचेपर्यंत त्यांचे शब्द आणि दम दोन्ही संपले. वरच्याने बनियनवर दार उघडलं, समन्स घेतलं, यांचा चेहरा पाहिला आणि आधी यांना पाणी दिलं. पुढच्या तारखेच्या आत प्लंबर येऊन गेला होता. याउलट पंचवटीतले दोन भाऊ, कापडाचं दुकान. धाकट्याने दावा लावलेला. पण वाटेत तो म्हणत होता, 'आमचे थोरले बंधू आत्ता भोजन करत असतील, त्यांचं होऊ द्या, मग आपण जाऊ.' माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तो दावा मी निवृत्त झालो तेव्हाही चालूच होता आणि धाकट्याने थोरल्याच्या भोजनाची वेळ कधी मोडली नव्हती.

तर असा मी, स्वतःवर खूष असलेला पंडित, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दिंडोरीकडे कामाला होतो. तेव्हा लताबाई भेटल्या.

लताबाई पन्नाशीच्या, सासर सिन्नरचं. माहेर दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात, द्राक्षबागांच्या मधोमध. वडील वारल्यावर जमीन भावाच्या नावावर लागली होती आणि लताबाईंनी आपला वाटा मागितला होता. आमच्याकडे हे सोपं नसतं. बहिणीने हक्क सोडल्याची सही करायची आणि त्या बदल्यात जन्मभर माहेरपण घ्यायचं, दिवाळीला, उन्हाळ्यात, लेकीसुनांच्या कार्यात, अशी रीत आहे. वाटा मागितला की माहेर गेलं असं सगळे धरूनच चालतात. त्या दिवाळीला लताबाईंना बोलावणं आलेलं नव्हतं. वकिलाची नोटीस भावाने न घेताच परत पाठवली होती आणि आता समन्स माझ्या पिशवीत होतं.

त्यांचा मुलगा बरोबर यायला निघाला होता, पण त्यांनी त्याला घरीच ठेवलं. तो आला असता तर मामा-भाच्यात हातघाई झाली असती, असं त्या म्हणाल्या. फाट्यावर जीपने सोडलं आणि आम्ही बागांमधून चालायला लागलो. छाटणी होऊन कोवळी फूट आलेली, सगळीकडे फवारणीचा वास. मी वाट पाहत होतो की या आता भावाला काय म्हणतात. त्या नुसतं 'दादा' म्हणत होत्या. दादाने ही विहीर खोदली, दादाने हा रस्ता केला, दादाला मिरची चालत नाही. माझ्या सिद्धांतात या शब्दाला जागाच नव्हती.

मग त्यांनीच विचारलं, "साहेब, कागदात दादाला काय म्हटलंय?"

"प्रतिवादी."

"म्हंजी वैरी?"

"नाही हो ताई. ज्याच्यावर दावा आहे तो."

"आन् मी?"

"तुम्ही वादी."

त्या थोडं चालल्या आणि म्हणाल्या, "वाद तर मी जल्मात घातला नाय कोणाशी. पोरगं म्हणतं, घालायला पायजे व्हता."

मी मनाशी निकाल देऊन टाकला. ही बाई दारापर्यंत जाईल, भावाचं तोंड पाहील, रडेल आणि आपण समन्स तसंच परत घेऊन येऊ. परतीच्या अहवालातली वाक्यंही मी चालता चालता जुळवली. माणसं ओळखण्याचा इतका अनुभव असला की असं होतं.

आमच्या धंद्यातला एक नियम मला पहिल्याच दिवशी एका जुन्या बेलीफाने सांगितला होता. आधी समन्स, मग पाणी. प्रतिवादीच्या घरचं आधी काही खाल्लं-प्यायलं की पिशवीतला हात बाहेर येत नाही. हा नियम मी इतकी वर्षं पाळला होता. त्या दिवशी तो अंगणातच मोडला, कारण आम्ही अंगणात पाऊल टाकताच वहिनी, म्हणजे लताबाईंच्या भावजय, धावत बाहेर आल्या. नवं लुगडं, केसांत गजरा. त्यांनी लताबाईंना मिठीच मारली.

"ताई, तुमीच आणलं व्हय हे स्थळ? मला एक शब्द नाय बोललं कोणी."

आणि माझ्याकडे वळून डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "या ना, पाव्हणं. बाकीची मागून येऊ राहिली का?"

झालं होतं असं की त्या दिवशी त्यांच्या मुलीला पाहायला येणार होते. मुलगा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत नोकरीला. नणंद सिन्नरची, बरोबर पांढऱ्या शर्टातला चष्मेवाला वयस्क माणूस, काखेत पिशवी. वहिनींनी मला मुलाकडचा वडीलधारा ठरवलं होतं. वकिलाच्या नोटिशीचं त्यांना माहीतच नव्हतं, नवऱ्याने ती परस्पर परत पाठवलेली. त्यांना वाटलं, नणंद रुसवा सोडून भाचीसाठी स्थळ घेऊन आली.

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण त्यात पाणी गेलं, आणि मग पोहे आले. वर ओलं खोबरं, लिंबाची फोड, बाजूला शेव. मी सकाळपासून उपाशी होतो. कर्तव्यासाठी प्राण देणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण मी त्यांच्यातला नाही. लताबाई माझ्याकडे पाहत होत्या आणि मी पोह्यांकडे पाहत होतो.

तेवढ्यात पोपटराव, म्हणजे लताबाईंचे दादा, बागेतून आले. औषध मारता मारता मध्येच सोडून आलेले, हातांवर मोरचुदाचे निळे डाग. आधी बहिणीला पाहिलं, मग मला, मग माझ्या खुर्चीला टेकवलेल्या पिशवीला. त्यांना काय ते लगेच कळलं. नोटीस परत पाठवणारा माणूस त्या दिवसापासून बेलीफाची वाट पाहत असतोच. पण वहिनी म्हणाल्या, "अहो, पाव्हणं आलेत, हातपाय धुवून या." ते मुकाट्याने हातपाय धुवून आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "जीप भेटली का लगीच?"

मी म्हणालो, लगेच मिळाली. मग आम्ही दोघं पावसापाण्यावर बोललो. माझ्या सगळ्या नोकरीत प्रतिवादीने माझी इतक्या अदबीने विचारपूस केली नव्हती. वहिनींनी पुन्हा पोहे वाढले आणि मी नको म्हणालो नाही.

आणि मग खरे पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मुलाचे मामा. असे एक मामा प्रत्येक मुलाकडच्या मंडळीत असतात. विचारायचं ते सगळं तेच विचारतात. वहिनी गोंधळून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागल्या. मामांनी बसता बसताच माझ्याकडे हात करून विचारलं, "हे आपले कोण?"

माझ्या हातात अर्धी बशी. मी खरं सांगितलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. ज्या घरावर दावा पडलाय तिथे सोयरीक करायला माणसं बिचकतात, आणि ज्या घरात मुलगी पाहायच्या दिवशी बेलीफ येऊन पोहे खातो तिथे तर कोणी थांबणारच नाही. आतल्या दारात प्रियांका, पोपटरावांची मुलगी, चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला समोरचं सगळं दिसत होतं.

"माझे चुलत दीर हायत," लताबाई म्हणाल्या. "सिन्नरचे. भाचीचं हाय म्हणून आले बरोबर."

अशा रीतीने मी वादीचा दीर झालो. मामांनी विचारलं, काय करता. मी म्हणालो, कोर्टात असतो. मामा खूष झाले, म्हणाले कोर्टातला माणूस नात्यात असलेला बरा, आणि त्यांच्या एका रस्त्याच्या भांडणाचा मला सल्ला विचारला. मी गंभीर चेहऱ्याने दोन वाक्यं बोललो, ती चुकीची असणार.

प्रियांकाला प्रश्न विचारून झाले. तिने सगळी उत्तरं नीट दिली आणि उलट मुलालाही दोन प्रश्न विचारले, ते मुलाला आवडलेले दिसले. आता उठायची वेळ आली असं वाटत असतानाच मामा घसा साफ करून म्हणाले, "आता सोयरीक करायची तर आपलं एक विचारून ठेवतो. घरात काय भाऊबंदकी, कोर्टकज्जा? कोणी दावेदार? पुढं कळण्यापरीस आधी कळालेलं बरं." आणि माझ्याकडे वळले. "तुमी तर कोर्टातलेच. तुमीच सांगा."

मी सरकारी नोकर होतो. माझ्या पायाशी पिशवी, पिशवीत कोर्टाचा शिक्का. खोटं बोलावं तर नोकरीला कलंक, खरं बोलावं तर त्या पोरीचं नुकसान. मी मोठ्या हुशारीने शेव चावत बसलो. पोपटराव जमिनीकडे पाहत होते.

लताबाई म्हणाल्या, "दादाला भाऊ नाय. मी एकटी बहीण हाय. मी वैरी दिसते का त्याची?"

सगळे हसले. मामाही हसले. मी मात्र हसू शकलो नाही, कारण त्या उत्तरात लताबाईंनी एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता आणि हे तिघांनाच माहीत होतं. मंडळींनी गूळ-खोबरं तोंडात टाकलं, पुढचं बोलायला दोन दिवसांत येतो म्हणाले, आणि मुलाच्या आईने प्रियांकाच्या हातात साडी ठेवली. पाहुण्यांची जीप फाट्याकडे वळेपर्यंत वहिनी दारात उभ्या होत्या. मग त्यांनी लताबाईंचे दोन्ही हात धरले. पायगुण तुमचाच, म्हणाल्या, आणि कपबशा गोळा करायला आत गेल्या.

ओट्यावर आम्ही तिघं राहिलो. मला वाटलं, आता या बाईच्या मनात दावा राहिलेला नाही. आपण मोठेपणाने मोकळं करावं म्हणून मी पिशवी काखेत मारली आणि हळू आवाजात म्हणालो, "ताई, निघू या का?"

त्या माझ्याकडे असं पाहायला लागल्या जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोललोय.

"निघू या म्हंजी? कागद द्यायचा ऱ्हायला ना."

इतक्या वर्षांची माझी पंडिताई त्या ओट्यावर पडली आणि कोणी उचलायलाही वाकलं नाही. लताबाई भावाकडे वळल्या.

"दादा, पोरीचं काम झालं. आता माझं."

पोपटरावांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजच द्यायचा व्हता?"

"आजच. परत यायचं धाडस नाय व्हायचं मला. सकाळी कशी निघाले ते मला ठावं. तुझी पोर ती माझी पोर, तिचं मी मोडू देणार नाय. पन् बापाची मी बी पोर हाय ना."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पोपटरावांनी निळे हात धोतराला पुसले आणि माझ्यापुढे केले. मला नियमाप्रमाणे विचारावं लागतं, तसं मी विचारलं, "प्रतिवादी हेच ना?" लताबाई म्हणाल्या, "हा माझा दादा. कागदात तुमचं काय असंल ते असू द्या. कागद ह्यालाच द्यायचा हाय." इतकं स्पष्ट कोणी कधी मला दाखवून दिलं नव्हतं. मी समन्स दिलं, त्यांनी सही केली.

पण कागद दोन होते. पोपटरावांनी विहिरीकडचा एक पट्टा बायकोच्या नावावर केलेला, म्हणून वकिलाने दाव्यात वहिनींनाही घेतलं होतं. प्रतिवादी क्रमांक दोन. मी दुसरं समन्स पुढे केलं. पोपटरावांनी त्यावरचं नाव वाचलं आणि एकदम आतल्या दाराकडे पाहिलं.

"हिचं बी घातलंस?" ते कुजबुजले.

लताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. वकिलाने सह्या घेतल्या तिथे त्यांनी केल्या होत्या. पोपटरावांनी तो कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. नियमाने मी तो वहिनींच्या हातात द्यायला हवा होता, त्या तर चार पावलांवर होत्या. मी द्राक्षांच्या कोवळ्या फुटीकडे पाहत राहिलो आणि फूट यंदा चांगली आहे असं माझं मत झालं.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याच्या हातातलं समन्स त्यांनी पाहिलं. कसलं हाय, असं विचारलं. पोपटरावांनी मान वर न करता सांगून टाकलं की ताईने वाटणीचा दावा केलाय आणि हे कोर्टाचे बेलीफ आहेत. वहिनींनी समन्सावरचा शिक्का नीट पाहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या,

"पोहे खाल्ले तुमी."

"हो."

"दोनदा घेतले."

मी होय म्हणालो. नोकरीत मला शिव्या बसल्या आहेत, कुत्री मागे लागली आहेत, एकदा अंगावर ताकही पडलंय. पण त्या दोन शब्दांनी जितकं लाजवलं तितकं कशानेच नाही. वहिनी आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाजही येईना.

लताबाईंनी चपला घातल्या. त्या बागेकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. सकाळपासून पहिल्यांदाच रडत होत्या. मला म्हणाल्या, "चला साहेब, आता काय ऱ्हायलं इथं." पोपटराव खांबाला टेकून बसले होते, थांबवत नव्हते. आम्ही अंगणाच्या टोकाशी पोचलो असू.

"ताई, थांबा."

वहिनी दारात होत्या. हातात ताट, ताटात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकवाची कोयरी. डोळे लाल झालेले. चेहऱ्यावर राग होता तो होताच, लपवलेला नव्हता.

"आजच्या दिवशी माज्या घरातनं मोकळ्या ओटीनं कोणी जायचं नाय. तुमचा दावा ह्यांच्यावर हाय. तुमी आन् तुमचे दादा काय ते बघून घ्या. मी काय त्यात नाय. बसा खाली."

पोपटरावांचा हात नकळत खिशावर गेला. मी खाली पाहिलं. लताबाई मागे फिरल्या, चपला काढल्या, ओट्यावर बसल्या. वहिनींनी कुंकू लावलं, लताबाईंनी पदर पसरला. तांदळाची पहिली ओंजळ पडली, दुसरी पडली. मला वाटलं, आता कोणी बोलू नये. लताबाई जातील, रात्री पोपटराव बायकोला सावकाश सांगतील, सगळं निभावून जाईल.

"वहिनी," लताबाई म्हणाल्या, "तुझं बी नाव हाय त्यात. मला नव्हतं ठावं. पन् हाय."

वहिनींचा हात ताटावरच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्यांच्या खिशावरच्या हाताकडे पाहिलं. पदरात पडलेल्या तांदळांकडे पाहिलं.

"मंग आता हे काय परत काढून घेऊ?"

त्यांनी तिसरी ओंजळ टाकली, खण ठेवला, नारळ ठेवला, आणि लताबाईंच्या पदराची दोन्ही टोकं त्यांच्या मुठीत देऊन म्हणाल्या, नीट धरा, जीपमध्ये सांडतील. मग उठून माझ्यापुढे आल्या आणि कुंकू लागलेला हात पुढे केला.

"आणा माझा कागद. सही कुठं करायची?"